हळदीच्या अडत दुकानाचा पंचवीस वर्षांचा हिशेब क्लाउडवर न्यायचा आहे. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा

हळदकाठी | २४ मे

नमस्कार मंडळी. सीझन ओसरला, मार्केट यार्डात आता पोत्यांच्या थप्पीमागचा माणूस दिसायला लागला, म्हणून निवांत बसून लिहिते आहे.

सांगलीत आमचं हळदीचं अडत दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, आबांनी वाढवलं, गेली चार वर्षं मी बघते. ऑफिस गणपती पेठेत, गोडाऊन यार्डात. सगळा हिशेब फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या एका प्रोग्रॅमवर चालतो. १९९९ साली इथल्याच एका प्रोग्रॅमरकाकांनी तो खास आमच्यासाठी लिहून दिला. शेतकऱ्याची पट्टी (मालाच्या विक्रीचा हिशेब), हमाली, तोलाई, अडत (आमचं कमिशन), उचल (आगाऊ दिलेले पैसे), खरेदीदाराचं बिल, रोजमेळ, सगळं त्यात आहे. दिवाणजी काका कीबोर्डकडे न बघता तो चालवतात. वजन झालं की पंधरा मिनिटांत शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. हे आधीच सांगते, कारण जुनं आहे म्हणून टाकायला मी निघालेली नाही.

पण प्रोग्रॅमरकाका आता हयात नाहीत आणि मूळ कोड कुणाकडेच नाही. प्रोग्रॅम विंडोज ७ च्या एकाच मशीनवर चालतो, नव्या कॉम्प्युटरवर उघडतच नाही. ई-इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, त्यातून निघत नाही, त्यामुळे प्रत्येक खरेदीदाराचं बिल आधी इथे आणि मग पोर्टलवर असं दोनदा टाइप होतं.

खरं कारण मात्र २०१९ चं आहे. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही मशीन टेबलावर, त्यावर दुसरं टेबल, त्यावर ठेवून बाहेर पडलो. बॅकअपची डिस्क त्याच खोलीतल्या तिजोरीत. दोन्ही पाण्याखाली गेलं. पुण्याला डिस्क पाठवून बराचसा हिशेब परत मिळाला, पण शेवटच्या काही आठवड्यांच्या नोंदी गेल्याच.

मग आबांनी गावोगाव निरोप धाडले की आपापल्या पट्ट्या घेऊन या. लोक आले. कवलापूरचे एक आजोबा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली चिठ्ठी घेऊन आले. तिच्यावर त्यांनी आमच्याकडून घेतलेली उचल होती. म्हणजे येणं आमचं होतं. ती चिठ्ठी त्यांनी आणलीच नसती तर आम्हाला कधी कळलंही नसतं. त्या दिवशी मनाशी ठरवलं की या माणसांचा हिशेब पुन्हा पाण्यात जाऊ द्यायचा नाही.

२०२१ च्या जुलैत परत पूर आला तेव्हा मशीन आधीच वरच्या मजल्यावर नेलं होतं. पण दर पावसाळ्यात किती दिवस असं उचलून धावायचं?

तिघांनी तीन मार्ग सुचवलेत. हाच प्रोग्रॅम भाड्याच्या क्लाउड मशीनवर (इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर) टाकायचा, महिन्याच्या वर्गणीचं तयार सॉफ्टवेअर घ्यायचं, किंवा नवीन लिहून घ्यायचं. कोणता धरू?

नेटवर्क_मिरज | २४ मे

ताई, एक प्रश्न. प्रोग्रॅम नव्या मशीनवर उघडत नाही म्हणता, तेव्हा काय संदेश येतो? जुन्या फॉक्सप्रोचा १६ बिटचा, म्हणजे जुन्या पिढीच्या विंडोजसाठीचा प्रोग्रॅम असेल तर आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर तो चालणारच नाही. आणि तसं असेल तर पहिला मार्ग आजच खोडून टाका. सर्व्हरसाठीचं विंडोज २००८ आर२ पासून फक्त ६४ बिटचंच येतं, म्हणजे क्लाउडवर भाड्याने मिळणारं मशीनही तसंच असणार.

दुसरं, आणि हे आज रात्रीच करा. त्या मशीनवरचा सगळा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करून दोन वेगवेगळ्या गावांत ठेवा. आत डीबीएफ फाइली (नोंदींचे तक्ते) असतील, त्यांच्या जोडीला एफपीटी नावाच्या असतील तर त्याही घ्या. लांबलचक शेरे त्यांत असतात आणि त्यांच्याविना डीबीएफ अर्धवट उघडते. मूळ कोड नसला तरी घाबरू नका. डीबीएफची रचना उघड आहे, लिबरऑफिस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती थेट तक्त्यासारखी उघडते. प्रोग्रॅम गेला तरी हिशेब तुमच्या हातात राहतो.

हळदकाठी | २४ मे

हो, ६४ बिटला चालत नाही असाच संदेश येतो. कॉपी केली. एक माझ्याकडे, एक विट्याला मावशीकडे चालली आहे. लिबरऑफिसमध्ये फाइल उघडली, आकडे सगळे बरोबर आहेत. नावांच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतोय. डेटा बिघडलाय का?

नेटवर्क_मिरज | २४ मे

बिघडलेला नाही. तेव्हा मराठीसाठी युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरवून दिलेले क्रमांक) फारसं वापरात नव्हतं. मराठी अक्षरांचा नुसता फॉन्ट असायचा आणि आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवले जायचे. फॉन्ट कोणता ते शोधा, त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं. पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर. रूपांतर कच्चं असेल तर मिरजेचं िमरज होतं आणि कर्नाळचं कनार्ळ.

कुपवाडकर | २५ मे

माझं कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉप आहे. आमच्यावर बेतलं ते सांगतो.

आमचा सर्व्हर कारखान्यातच होता. घरून काम बघता यावं म्हणून एका जणाकडून रिमोट डेस्कटॉप चालू करून घेतला. त्याने राउटरवर त्यासाठीचं ३३८९ क्रमांकाचं पोर्ट (बाहेरून आत यायचा दरवाजा) थेट इंटरनेटला उघडं ठेवलं आणि पासवर्ड ठेवला कंपनीचं नाव. एका सोमवारी सकाळी सगळ्या फाइली कुलूपबंद, स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरला जोडलेल्या डिस्कवर, त्यामुळे तोही कुलूपबंद. आम्ही पैसे दिले नाहीत. चार माणसं बसवून आठ महिन्यांची बिलं कागदावरून पुन्हा भरली. त्या दिवसांत घरी जेवायला बसलो तरी घास उतरत नव्हता.

मग क्लाउडवर गेलो. पण क्लाउड म्हणजे बॅकअप हा समज कृपा करून डोक्यातून काढा. मशीन भाड्याचं असतं, आतल्या डेटाची जबाबदारी आपलीच. चुकून पुसलं तर तिथूनही पुसलं जातं. बॅकअप वेगळा लावावा लागतो, वेगळ्या खात्यात, वेगळ्या पासवर्डने. आणि दोन टप्प्यांचं लॉगिन पहिल्या दिवसापासून, मालकासकट सगळ्यांना.

खर्चाचंही सांगतो. आमचं मशीन रात्रंदिवस चालू राहायचं आणि काम असायचं दहा तास. रात्री आणि रविवारी आपोआप बंद होईल असं लावल्यावर बिल खूपच उतरलं.

द्राक्षबाग_तासगाव | २५ मे

माझं मत वेगळं आहे. आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. रस्त्याचं काम निघालं की जेसीबीने केबल तुटते आणि दोन दोन दिवस नेट नसतं. दारात शेतकरी गाडी घेऊन उभा असताना "नेट नाही, उद्या या" कोणत्या तोंडाने सांगायचं? सर्व्हर जागेवर असला की निदान इन्व्हर्टरवर तरी काम चालतं. हळदकाठीताई, बॅकअपची नीट सोय करा आणि हिशेब दुकानातच ठेवा असं मी म्हणेन.

कुपवाडकर | २५ मे

दादा, मुद्दा खरा आहे. आम्ही दोन कंपन्यांची नेट जोडणी घेतली, एक फायबर आणि एक मोबाइलच्या सिमवर. दोन्ही एकदम गेल्याचं वर्षात क्वचितच झालं. पण तुमच्याकडे सिमलाही रेंज नसेल तर माझ्याजवळ उत्तर नाही.

हरिपूरचा | २६ मे

मी कॉम्प्युटरवाला नाही, पण हळदकाठी या नावामुळे धागा उघडला.

आमच्या हरिपुरात हळदीची पेवं होती. जमिनीखाली खोल खणलेली, कोरडी, आत वर्षानुवर्षं हळद टिकायची, कीड लागायची नाही. पेव एकाचं आणि माल दुसऱ्याचा. सांगलीचे व्यापारी भाडं देऊन माल ठेवायचे आणि चिठ्ठीवर त्यांचा विश्वास असायचा. तुम्ही लोक जे क्लाउड म्हणता ते मला यावरून कळलं. माल आपला, जागा परक्याची.

मग दोन गोष्टी विचारून घ्या. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे. आधी ते तसंच उघडं ठेवायचं, कंदील खाली सोडून हवा बघायची, मग माणूस उतरायचा. तुमचा माल बाहेर काढायची वेळ आली तर तो कसा निघेल, हे ठेवायच्या आधी करून बघा. आणि २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं. पिढ्यान्पिढ्या जी जागा भरवशाची होती तीच बुडाली. म्हणून सगळा माल एका जागी नको.

हळदकाठी | २६ मे

काका, तुमचा प्रतिसाद मी आबांना मोठ्याने वाचून दाखवला. गेले सहा महिने त्यांचा एकच प्रश्न होता, "आपलं खातं परक्याच्या घरात का ठेवायचं?" तुमचं पेवाचं ऐकल्यावर म्हणाले, "आपल्या वडिलांनी पण हरिपूरला ठेवलेलीच की." होकार मिळाला.

जमाखर्च | २८ मे

मी सीए आहे, नियमांपुरतं लिहितो.

ई-इन्व्हॉइस ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे. १० कोटी आणि त्यावर असाल तर १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत ते पोर्टलवर गेलंच पाहिजे. हाताने दोनदा टाइप करण्यात इथेच चूक होते. नवीन सॉफ्टवेअर पोर्टलशी थेट बोलणारं घ्या.

जुना हिशेब फेकू नका. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. तुमची भागीदारी फर्म असेल तर हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्याचा जो नियम १ एप्रिल २०२३ पासून आला, तो तुम्हाला लागू नाही, तो कंपन्यांसाठी आहे. रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर हवा, हेही कंपन्यांनाच. तरी दोन्ही पाळाच. कोणी, कधी, कोणता आकडा बदलला हे दिसलं की भांडणं होत नाहीत. आणि भारतात जागा मिळणं अवघड नाही. मायक्रोसॉफ्टचं केंद्र पुण्यात २०१५ पासून आहे, ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून.

आता तारीख. सगळे १ एप्रिल सांगतील. हिशेबाला ते सोयीचं, पण हळदीला नाही. मार्च-एप्रिल तुमची सर्वात मोठी आवक. त्या दिवसांत दिवाणजींच्या हाती नवीन स्क्रीन दिली तर शेतकरी ताटकळतील. १ ऑक्टोबर धरा. एकाच वर्षाचा हिशेब दोन ठिकाणी पडेल, मला ताळा करायला जास्त काम लागेल, पण ते माझं काम आहे, शेतकऱ्याचं नाही.

हळदकाठी | १७ ऑगस्ट

अडीच महिन्यांनी परत आले. वर्गणीचं तयार सॉफ्टवेअर घेतलं. तीन विक्रेत्यांना भेटले आणि प्रत्येकाला एकच सांगितलं, तुमच्या नमुन्याच्या डेटामधून शंभर शेतकऱ्यांची खाती, सगळ्या नोंदींसह, तक्त्याच्या साध्या फाइलीत बाहेर काढून द्या. एकाने पंधरा मिनिटांत दिली. एकाने फक्त शिल्लक काढून दिली, नोंदी नाहीत. तिसरा म्हणाला सोडून जाताना अर्ज करा, मग बघू. निवड तिथेच झाली. हरिपूरच्या काकांचा कंदील.

डेटा हलवण्याचं काम मात्र मला वाटलं होतं त्याच्या तिप्पट निघालं. सॉफ्टवेअर शिकायला आठवडा पुरला, नावं शुद्ध करायला सहा आठवडे. फॉन्टचं रूपांतर झालं आणि खरोखरच कनार्ळ आलं. गावांची यादी वेगळी केली, एकेक गाव हाताने दुरुस्त केलं. मग कळलं की एकच शेतकरी आमच्याकडे तीन तीन खात्यांवर आहे. आडनाव आधी, आडनाव नंतर, आणि एकदा नुसतं "आण्णा, दुधगाव". उलटही आहे, एकाच गावात एकाच नावाची चार माणसं. कॉम्प्युटरला हे कधीच कळलं नसतं. दिवाणजी काका शेजारी बसले आणि एकेक नाव वाचून सांगत गेले, "हे थोरले, यांचा मळा नदीकडं. हे धाकटे, यांची हळद भावाच्या नावावर यायची." प्रत्येकाला मोबाइल नंबर आणि बँक खातं जोडून वेगळा क्रमांक दिला. पंचवीस वर्षांचा खरा डेटा त्यांच्या डोक्यात होता आणि आम्ही फक्त मशीनच्या बॅकअपची काळजी करत होतो.

दुसरा घोळ. जुना ताळेबंद आणि नवा, दोन्हींत १८,६४० रुपयांचा फरक. शिल्लक पोत्यांतही ११ चा फरक. चार दिवस झोप नाही.

नेटवर्क_मिरज | १७ ऑगस्ट

ताई, पुसलेल्या नोंदी तपासा. फॉक्सप्रोमध्ये नोंद पुसली की ती लगेच जात नाही, तिच्यावर फक्त पुसल्याची खूण होते. पॅक ही आज्ञा चालवेपर्यंत ती फाइलीतच राहते. डेटा बाहेर काढणारी काही साधनं ती खूण बघतच नाहीत.

हळदकाठी | १८ ऑगस्ट

तेच होतं! रद्द केलेल्या तीन पट्ट्या जिवंत होऊन आल्या होत्या. त्या काढल्यावर पोतं न पोतं जुळलं. दादा, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. आबांनी पेढे आणले.

आता दीड महिना दोन्हीकडे नोंद करणार. आवक कमी आहे तोवर जमेल.

हळदकाठी | ४ ऑक्टोबर

१ तारखेला जुन्या मशीनवर नोंद बंद केली. रोज संध्याकाळी तीन आकडे जुळवत होतो. ताळेबंदाची बेरीज, शेतकऱ्यांची देणी आणि गोडाऊनमधली पोती. शेवटचे सलग २३ दिवस एक पैसाही फरक नाही, तेव्हाच जुनं थांबवलं.

अडलो ते प्रिंटर आणि काट्यापाशी. आमचा डॉट मॅट्रिक्स तीन प्रती काढतो, एक शेतकऱ्याला, एक हमालांच्या मुकादमाला, एक आम्हाला. ब्राउझरमधून छपाई दिली की तो पट्टीचं चित्र काढत बसायचा, एका पट्टीला दोन मिनिटं, आणि रकाने सरकलेले. काट्याची वायरही जुन्या सिरियल पोर्टची, वजन स्क्रीनवर येईना. नेटवर्क_मिरज दादा स्वतः दुकानात आले आणि ऑफिसच्या मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम बसवून दिला. काट्यावरचं वजन वर पाठवायचं आणि पट्टीचा साधा मजकूर थेट प्रिंटरला द्यायचा, एवढंच तो करतो. विक्रेत्यांच्या प्रात्यक्षिकात या दोन गोष्टी कोणी दाखवल्या नव्हत्या. तुम्ही घेत असाल तर प्रात्यक्षिक आपल्या काट्यावर आणि आपल्या प्रिंटरवर मागा.

द्राक्षबाग_तासगाव | ५ ऑक्टोबर

अभिनंदन ताई. माझा प्रश्न तोच. सौद्याच्या दिवशी नेट गेलं तर?

हळदकाठी | ५ ऑक्टोबर

दोन जोडण्या घेतल्यात. शिवाय छापील पट्टीपुस्तकं केली आहेत, त्यांच्या क्रमांकाची मालिका वेगळी. नेट गेलं की हाताने पट्टी, नेट आलं की त्याच क्रमांकाने नोंद. पण सीझन बघितल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही. मार्चमध्ये लिहिते.

हळदकाठी | १९ मार्च

शब्द दिला होता म्हणून लिहिते आहे. आवक जोरात आहे, पाय दुखतायत.

गेल्या मंगळवारी दुपारी वीज गेली, फायबर गेलं, आणि यार्डात इतकी गर्दी की सिमचं नेटही रांगत होतं. तासाभरात ३४ पट्ट्या दिवाणजी काकांनी हाताने लिहिल्या. एकही शेतकरी थांबला नाही. रात्री नोंद करताना दोन पट्ट्यांत तोलाईची बेरीज चुकलेली सापडली, दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून फरक दिला. तासगावचे दादा, तुमची भीती खरी होती हे मान्य. तुमच्याकडे सिमलाही रेंज नसेल तर मी तुम्हाला ओढूनताणून क्लाउडवर या म्हणणार नाही. तुमच्या जागी मी हिशेब जागेवर ठेवीन आणि रात्रीचा बॅकअप तेवढा बाहेर पाठवीन.

पट्टीचा वेळ पंधरा मिनिटांवरून वीस झाला आहे, हेही लपवत नाही. दिवाणजी काकांची बोटं अजून जुन्या कळा शोधतात. ई-इन्व्हॉइसचं दुहेरी टायपिंग मात्र संपलं, संध्याकाळचे दीड दोन तास वाचतात.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी विट्याला मावशीच्या घरी जो लॅपटॉप आहे, त्यावर बॅकअप उघडून बघतो. नुसती फाइल आहे का हे बघत नाही, एक खातं काढून पट्टी छापतो. या महिन्यात कवलापूरच्या त्या आजोबांचं खातं काढलं. २०१९ ची उचल, ती फिटल्याची तारीख, नाव, गाव, सगळं स्वच्छ मराठीत. मागच्या आठवड्यात त्यांचा नातू हळद घेऊन आला तेव्हा तो कागद त्याच्या हातात दिला. त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, आज्जीला दाखवतो.

द्राक्षबाग_तासगाव | १९ मार्च

ताई, मनापासून आभार. रात्रीचा बॅकअप बाहेर पाठवायचं पक्कं केलं. डेटा कोणत्या रकान्यांत मागायचा त्याची तुमची यादी इथे टाकाल का?

हळदकाठी | १९ मार्च

टाकते. रविवारी यार्ड बंद असतं, तेव्हा बसून नीट लिहिते. हमाली आणि तोलाईचे रकाने वेगवेगळे मागा, ते एकत्र दिले तर तुमचा मुकादम भांडेल.